कर्ज वाढले म्हणजे शेती वाढली काय ?

गावाची आर्थिक प्रगती कशाने मोजावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पुष्कळदा आपण ती वाटलेल्या कर्जाच्या रकमेने मोजतो. तालुक्यात यंदा पीककर्ज किती वाटले गेले, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले, बँकेत किती नवी खाती उघडली, हे आकडे सभेत वाचले जातात आणि ते गतवर्षापेक्षा वाढलेले दिसले की आपण समाधान मानतो. हे आकडे निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु विहिरीतून पाणी किती उपसले एवढ्यावरून शेतात पीक किती आले हे जसे कळत नाही, तसेच बँकेतून पैसा किती बाहेर पडला एवढ्यावरून गावाची संपत्ती किती वाढली हेही कळत नाही. पाणी पिकाच्या मुळाशी, वेळेवर आणि बेताने पोचले पाहिजे. निचरा नसलेल्या भारी जमिनीत अतोनात पाणी दिले तर ती चोपण होते, हे उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. पैशाचेही तसेच आहे.

आपल्यासारख्या विकसनशील देशात बँका, सहकारी संस्था आणि विमा यांचा विस्तार झाल्याने देशाचे उत्पन्न वाढते काय, आणि वाढत असल्यास कोणत्या अटींवर वाढते, याचा विचार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी करावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

पतसंस्थेचे खरे काम

बँक अथवा सोसायटी म्हणजे केवळ कर्ज वाटणारे दुकान, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तिची कामे निरनिराळी आहेत. पहिले काम बचत गोळा करण्याचे. गावात शंभर घरी थोडाथोडा पैसा कणगीत, पेटीत किंवा दागिन्यात पडून असतो. तो एकत्र आला म्हणजे त्यातून एखादी विहीर, एखादे गोदाम उभे राहू शकते. दुसरे काम निवडीचे. हाती असलेला पैसा कोणास व कोणत्या कामास दिला असता तो वाढून परत येईल, हे पारखणे. तिसरे काम देखरेखीचे, म्हणजे ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामी तो लागला की नाही हे पाहणे. चौथे काम जोखीम वाटून घेण्याचे. एकट्या शेतकऱ्यावर पडलेली गारपीट त्यास बुडविते. तीच हजारो विमेदारांत विभागली गेली तर सोसता येते. पाचवे काम देवघेव सुलभ करण्याचे, की ज्यामुळे मालाचा पैसा विनाविलंब आणि विनाकपात मालधन्याच्या हाती पडावा.

या पाच कामांपैकी कर्जवाटप हे केवळ एक अंग होय, हे यावरून ध्यानात येईल. ज्या गावी सोसायटी कर्ज वाटते परंतु ठेवी गोळा करीत नाही, पारख करीत नाही आणि देखरेख करीत नाही, त्या गावी पाचांपैकी एकच काम होत आहे आणि तेही अर्धेमुर्धे, असे म्हणावे लागेल.

पैसा आधी की उद्योग आधी ?

या प्रश्नावर विद्वानांत फार दिवसांपासून मतभेद आहे. वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने १८७३ साली लंडनच्या पैशाच्या बाजाराचे वर्णन करताना इंग्लंडच्या उद्योगधंद्यांच्या भरभराटीचे श्रेय पुष्कळ अंशी तेथील संघटित पतव्यवस्थेस दिले. जोसेफ शुंपेटर यांनी १९११ साली हीच भूमिका अधिक ठामपणे मांडली. नवी कल्पना असलेल्या परंतु हाती भांडवल नसलेल्या उद्योजकास पत देऊन बँक विकासास चालना देते, असा त्यांचा आशय होता. उलट केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९५२ साली असे प्रतिपादिले की, उद्योग पुढे चालतो आणि पैशाच्या संस्था त्याच्या मागोमाग येतात. ह्यू पॅट्रिक यांनी १९६६ साली या दोन्ही मतांचा मेळ घातला. विकासाच्या आरंभी पतसंस्था पुढाकार घेऊन उत्पादनास वाट करून देतात आणि पुढे उत्पादन वाढले की त्याच्या मागणीप्रमाणे संस्था वाढत जातात, असा तो विचार होय.

१९९३ साली रॉबर्ट किंग व रॉस लेव्हिन यांनी सुमारे ऐंशी देशांच्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या देशांची पतव्यवस्था आरंभी अधिक विकसित होती त्यांची पुढील काळातील वाढही अधिक झाली, असे त्यांस आढळले. यानंतरच्या काही अभ्यासांनी मात्र या निष्कर्षास मर्यादा घातली आहे. खाजगी क्षेत्रास दिलेली कर्जे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास बरोबरीस आली की त्यापुढील कर्जवाढीचा विकासास उपयोग होईनासा होतो आणि कधी कधी ती बाधकही ठरते, असे त्यांत दिसून आले. भारतातील हे प्रमाण त्या मर्यादेहून बरेच खाली आहे. म्हणजे देश या नात्याने आपल्याकडे पतपुरवठा अधिक झाला आहे असे नव्हे. परंतु देशाची सरासरी आणि एका कुटुंबाची ओंजळ या दोन गोष्टी भिन्न आहेत. देशात कर्ज कमी असतानाही एखादे कोरडवाहू कुटुंब कर्जाखाली पुरते दबलेले असू शकते.

आपल्या दख्खनचा धडा

हा वाद समजण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या दख्खनच्या इतिहासात त्याचा पुरावा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव चढले. सावकारांनी हात सैल सोडला व शेतकऱ्यांस मागाल तितके कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. सावकारांनी हात आखडता घेतला, सारा मात्र वाढलेला होता. परिणामी १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळून टाकणे हाच त्यांचा हेतू होता.

त्या तेजीच्या वर्षांत कर्जाचा आकडा वाढलाच होता. मग प्रगती का टिकली नाही ? कारण ते कर्ज चढ्या भावाच्या आशेवर दिले घेतले गेले होते. भाव पडले तर जोखीम कोण सोसणार याची काहीही व्यवस्था नव्हती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, १८८३ व १८८४ साली जमीन सुधारणा व शेतीखर्च यांसाठी तगाईचे कायदे झाले. परंतु सावकारास आवरणे वेगळे आणि त्याच्या जागी दुसरा समर्थ धनको उभा करणे वेगळे. ते दुसरे काम १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने सुरू झाले आणि ते किती मंद गतीने चालले हे १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले. शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी निघाला. व्यावसायिक व शेतकरी सावकार यांचा मिळून वाटा सुमारे ७० टक्के होता. सहकारी कायद्यास त्या वेळी जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

त्याच सुमारास अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी एक निराळा प्रयोग आकारास येत होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ व सहकारी चळवळीचे अग्रणी वैकुंठभाई मेहता यांच्या साह्याने तेथील ऊस बागाईतदारांनी आपापले भाग घेऊन भांडवल जमविले आणि सहकारी साखर कारखाना काढला. १९५० च्या सुमारास तो चालू झाला व पुढे राज्यभर त्याचे अनुकरण झाले. येथे सभासदाची बचत होती, पाण्याची सोय होती, मालावर प्रक्रिया करणारा कारखाना होता आणि कर्जाची वसुली उसाच्या बिलातून आपोआप होत होती. पतपुरवठा या सर्वांशी जोडला गेल्याने तो फळास आला. एकट्या कर्जाने हे झाले नसते.

शाखा आल्या, पुढे काय ?

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी सहा बँकांचे झाले. १९७५ साली प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या आणि १९८२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, स्थापन झाली. १९६९ साली देशातील ग्रामीण बँकशाखा सुमारे १,८०० होत्या, १९९० पर्यंत त्या ३४,००० च्या वर गेल्या. रॉबिन बर्जेस व रोहिणी पांडे यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बँक नसलेल्या ठिकाणी शाखा काढण्याच्या या धोरणामुळे ग्रामीण दारिद्र्य कमी होण्यास मदत झाली, असा निष्कर्ष काढला आहे. त्यांस बचत आणि कर्ज या दोहोंतही वाढ आढळली, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. शाखा म्हणजे केवळ कर्जाची खिडकी नव्हे, ती ठेवीचीही खिडकी आहे.

१९९० नंतर शाखाविस्ताराचा वेग ओसरला. कर्ज व गुंतवणूक पाहणीनुसार १९८१ साली ग्रामीण कर्जातील संस्थांचा वाटा ६० टक्क्यांच्या पुढे गेला होता, तो २००२ साली ५७ टक्क्यांवर आला. पुढे किसान क्रेडिट कार्ड (१९९८), व्याज सवलत (२००६-०७ पासून) आणि जनधन खाती (२०१४) यांनी चित्र पुन्हा सुधारले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशातील शेतकरी कुटुंबांच्या थकित कर्जापैकी ६९.६ टक्के कर्ज संस्थांचे होते. १९५१ च्या मानाने ही मोठी मजल आहे, तिला कमी लेखू नये.

परंतु त्याच अहवालातील आणखी तीन आकडे पाहावेत. शेतकरी कुटुंबांपैकी ५०.२ टक्के कुटुंबे कर्जदार होती. दर कुटुंबामागे सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज होते. आणि एकूण कर्जापैकी शेतीच्या कामी घेतलेले कर्ज होते ५७.५ टक्के. उरलेले घर, आजारपण, शिक्षण, लग्नकार्य आणि अन्य गरजांसाठी होते. या गरजा खोट्या नाहीत. आजारपण मुहूर्त पाहून येत नाही. पण त्या भागविण्यासाठी काढलेले कर्ज पिकातून फिटावयाचे असेल तर पिकावर दुहेरी ओझे पडते, हे उघड आहे. त्यातच धारणक्षेत्र आटत चालले आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर भरली.

कर्ज कोठे अडते ?

कर्ज आणि उत्पादन यांची गाठ पडू न देणाऱ्या अडचणी मला चार दिसतात.

पहिली अडचण वेळेची. खरिपाचे बियाणे व खत मृगापूर्वी घरात आले पाहिजे. कर्ज श्रावणात मंजूर झाले तर कागदावर ते पीककर्जच असते, परंतु तोपर्यंत शेतकऱ्याने दुकानदाराकडून उधारीने माल उचललेला असतो आणि कोणत्या कंपनीचे बियाणे घ्यावयाचे हे उधार देणाराच ठरवितो. पेरणीनंतर आलेल्या कर्जाने उधारी फिटते, पीक वाढत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. पीककर्ज वर्षभराचे असते आणि त्याने वर्षभराचाच खर्च भागतो. उत्पादनाची पातळी कायमची उंचावण्यास विहीर, शेततळे, ठिबक संच, फळबाग, गोठा, कांदाचाळ अशा टिकाऊ साधनांची गरज असते व त्यांस पाच-सात वर्षांच्या मुदतीचे कर्ज लागते. एके काळी हे काम मुख्यतः भूविकास बँका करीत. त्या अवसायनात निघाल्यावर ती पोकळी सहकारी क्षेत्रात पूर्णपणे भरून निघाली नाही. अल्प मुदतीच्या कर्जावर विहीर खणणारा शेतकरी पाणी लागण्याआधीच थकबाकीदार होतो.

तिसरी अडचण वसुलीच्या मार्गाची. जेथे वसुली सोपी तेथे कर्ज सोपे, हा धनकोचा स्वभाव आहे. उसाचे बिल कारखान्याकडून येते म्हणून उसास कर्ज सुलभ. ज्वारी, तूर, हरभरा यांचा माल शेतकरी कोठे विकील हे बँकेस ठाऊक नसते, म्हणून तेथे हात आखडतो. परिणाम असा की, पाण्याची ओढ असलेल्या भागातही कर्ज अधिक पाणी पिणाऱ्या पिकाच्या मागे धावते. कोरडवाहू पिकांचा माल गटाने एकत्र करून विकण्याची व्यवस्था झाली तरच ही दिशा बदलेल. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे महत्त्व मला या दृष्टीने अधिक वाटते.

चौथी अडचण तारणाची. ज्याच्या नावे सात-बारा त्याची पत. बटाईने शेती करणारा, कसणारी परंतु उताऱ्यावर नाव नसलेली स्त्री, वडिलांच्या नावच्या जमिनीवर राबणारा मुलगा, यांचे कष्ट पिकात दिसतात, पतपत्रकात दिसत नाहीत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण कृषी कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली, हे योग्यच झाले. पण उताऱ्यावर नावच नसेल तर या सवलतीचा उपयोग मर्यादितच राहतो. अशांसाठी संयुक्त देयता गट आणि महिलांचे बचत गट हा मार्ग आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून आरंभिलेली बचत गट व बँक यांची जोडणी आज देशभर पसरली आहे. तिचे बळ आधी बचत, मग कर्ज या क्रमात आहे. हा क्रम उलटला की काय होते हे आंध्र प्रदेशात २०१० साली सूक्ष्म वित्त संस्थांच्या संकटाने दाखविले. एकाच घरी अनेक संस्थांनी कर्जे दिली, वसुलीची सक्ती वाढली आणि अखेर सरकारला हस्तक्षेप करावा लागला.

नवे-जुने

मार्चअखेरीस गावोगाव चालणारा नव्या-जुन्याचा व्यवहार सर्वांस परिचित आहे. जुने कर्ज फेडल्याचे दाखवावयाचे आणि दोन-चार दिवसांत तेवढेच नवे उचलावयाचे. सोसायटीची वसुली पूर्ण होते, कर्जवाटपाचे उद्दिष्टही पूर्ण होते आणि शेतकरी थकबाकीतून सुटतो. तिघांच्याही कागदावर प्रगती होते. शेतात मात्र काहीच घडलेले नसते.

यात दडलेला खर्च हिशेबाने पाहावा. समजा, शेतकऱ्याचे १ लाख रुपये कर्ज आहे. ते वेळेवर फेडल्यास त्यास व्याज सवलतीचा पूर्ण लाभ मिळतो. परंतु फेडीसाठी हाती पैसा नसल्याने तो खाजगी व्यक्तीकडून दरमहा शेकडा तीन रुपये दराने पंधरा दिवसांकरिता १ लाख रुपये घेतो. त्याचे व्याज झाले १,५०० रुपये. सरकारने दिलेल्या सवलतीतील हा भाग सावकाराच्या खिशात गेला. पुढील वर्षी पुन्हा तेच. अशी दहा वर्षे गेली तर शेतकऱ्याने १५,००० रुपये दिले, मुद्दल १ लाख ते १ लाखच राहिले आणि त्या मुद्दलातून दहा वर्षांपूर्वी घेतलेले बियाणे केव्हाच उगवून वाळून गेले.

याचा दोष केवळ शेतकऱ्यास देणे अन्यायाचे होईल. पाऊस दगा देतो, भाव पडतात, तेव्हा नव्या-जुन्याखेरीज त्यास दुसरी वाट दिसत नाही. नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाचे मुदती कर्जात रूपांतर करण्याची, म्हणजे पुनर्गठनाची, तरतूद याचसाठी आहे. तिचा उपयोग वेळेवर व्हावयास हवा. ज्या कर्जाने मूळ साधन निर्माण झाले नाही, ते कितीही वेळा फिरविले तरी त्यास पाय फुटत नाहीत, एवढेच माझे म्हणणे.

कर्जमाफीविषयी दोन शब्द

१९९० साली केंद्र सरकारने १०,००० रुपयांपर्यंतची, २००८ साली पुन्हा मोठ्या प्रमाणावर आणि महाराष्ट्राने २०१७ व २०१९ साली अनुक्रमे दीड व दोन लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. माफी म्हणजे औषध की व्यसन, असा वाद रंगतो. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी चालला आहे. बुडत्यास बाहेर काढणे हे कोणत्याही कल्याणकारी राज्याचे कर्तव्यच होय. परंतु बाहेर काढलेल्या मनुष्यास पोहावयास शिकविले नाही आणि घाटास पायऱ्या बांधल्या नाहीत, तर पुढील पुरात तोच प्रसंग येणार. माफीने जुने ओझे उतरते, नवी पत निर्माण होत नाही. माफीनंतरच्या पहिल्या हंगामात त्या शेतकऱ्याच्या शेतात पाण्याचे, साठवणीचे अथवा जोडधंद्याचे काय नवे उभे राहिले, हे विचारणारा कोणी असला पाहिजे. ग्रामपातळीवरील कार्यकर्ता हा तो मनुष्य होय.

साठवण हीही पत

कर्ज हा शब्द उच्चारताच आपल्या मनात पेरणीचे कर्ज येते. सुगीच्या वेळी मिळणारे कर्ज त्याहून कमी मोलाचे नाही. मळणी होताच सर्वांचा माल एकदम बाजारात येतो, भाव उतरतो आणि देणी भागविण्यासाठी शेतकऱ्यास त्याच भावाने विकावे लागते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालू आहे. गोदामात ठेवलेल्या सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांच्या मुदतीने, ६ टक्के व्याजाने त्यात कर्ज मिळते.

उदाहरणादाखल समजा, २० क्विंटल सोयाबीन आहे आणि सुगीच्या वेळचा भाव ४,००० रुपये धरला. मालाची किंमत ८०,००० रुपये, त्यावर कर्ज ६०,००० रुपये. चार महिन्यांचे व्याज झाले १,२०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६० रुपये. गोदामभाडे व हमाली मिळून आणखी काही खर्च येईल. भाव एवढ्याहून अधिक चढला तर तो नफा शेतकऱ्याचा. भाव चढेलच याची हमी मात्र कोणी देऊ नये. म्हणून सर्व माल न अडकविता निम्मा विकावा व निम्मा ठेवावा, हे शहाणपणाचे. तसेच माल ठेवण्यापूर्वी त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणला पाहिजे. ओल्या मालास बुरशी धरली तर तारणही गेले आणि मालही गेला.

जुन्या काळी धान्याची उसनवारी सवाई-दिढीने चाले. एका हंगामासाठी घेतलेले धान्य सव्वापट किंवा दीडपट करून परत द्यावयाचे. सहा महिन्यांच्या हंगामास हा दर सालीना शेकडा ५० ते १०० होतो. त्या मानाने ६ टक्क्यांचे कर्ज म्हणजे किती मोठे अंतर आपण तोडले आहे ! परंतु बाजार समितीत ही सोय असूनही गावच्या शेतकऱ्यास ती ठाऊकच नसेल, तर त्याच्या दृष्टीने ते अंतर तुटलेलेच नाही.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे ?

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात.

(१) कर्जाची चौकशी करताना रकमेआधी तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा कोणत्या कामास ? त्या कामातून उत्पन्न केव्हा येणार ? आणि ते आले नाही तर मागे काय आधार ? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर पीकविमा, आंतरपीक वा जोडधंदा यांची जोड आधी द्यावी. पीकविम्याचा शेतकरी हिस्सा केंद्राच्या योजनेत खरीप अन्नधान्य व गळीत पिकांस विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीस दीड टक्का आणि नगदी पिकांस ५ टक्के इतकाच मर्यादित आहे.

(२) कर्जाची मुदत कामाच्या आयुष्याशी जुळवावी. बियाण्यास वर्षाचे, विहिरीस अनेक वर्षांचे. वर्षाच्या कर्जावर विहीर खणू नये आणि विहिरीच्या कर्जावर लग्न करू नये.

(३) कागदपत्रांची तयारी उन्हाळ्यातच पुरी करावी. सात-बारा, आठ-अ, खातेउतारा, पिकाची नोंद यांतील एक चूक सबंध हंगाम मागे टाकते. कार्यकर्त्याने चैत्र-वैशाखात गावात एक दिवस या कामासाठी राखून ठेवल्यास पुष्कळांचा पेरा वेळेवर होईल.

(४) घरच्या स्त्रीचे नाव उताऱ्यावर सहधारक म्हणून लावावे. याने घराची पत कमी होत नाही, वाढते.

(५) सुगीनंतर हाती आलेल्या पैशातील थोडा तरी भाग ठेवीत टाकावा. पेवातील धान्य दुष्काळात उपयोगी पडे, त्याच बुद्धीने बँकेतील ठेव राखावी. आजारपणाचा पहिला तडाखा ठेवीने सोसला तर तो पिकावर येत नाही. भरमसाट व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या संस्थांपासून मात्र दूर राहावे.

(६) गावाची नोंदवही ठेवावी. तीत कर्जाच्या रकमेशेजारी एक रकाना असा असावा, की या कर्जातून काय उभे राहिले. पाच वर्षांनी हा रकाना वाचला म्हणजे गावाची खरी प्रगती कळेल.

खाजगी सावकारीविषयी एक सूचना येथे करणे अवश्य आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. ही माहिती गरजू कुटुंबापर्यंत पोचविणे हेही विस्ताराचेच काम होय.

समारोप

पतव्यवस्थेच्या विकासाने देशाची वाढ होते काय, या प्रश्नास माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यास अट जोडलेली आहे. जेथे पैशाच्या मागे बचत, त्याच्यापुढे टिकाऊ साधन आणि शेवटी मालाची योग्य विक्री असते, तेथे पैसा उत्पादनास पुढे ओढतो. जेथे यांपैकी काहीच नसते, तेथे कर्ज हे येणाऱ्या वर्षाचे उत्पन्न आजच खाऊन टाकण्याचे साधन होते. १८६५ च्या तेजीनंतर जे घडले आणि प्रवरेच्या काठी जे घडले, त्या दोहोंत कर्ज होतेच. फरक कर्जाभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचा होता.

बँकेची शाखा उघडणे, व्याजाचे दर ठरविणे, मोठ्या योजना आखणे ही कामे वरिष्ठ पातळीवरची आहेत. त्या पैशाची मुळाशी गाठ घालून देणे हे काम मात्र गावातच व्हावयाचे आहे आणि ते सोसायटीचा सचिव, ग्रामपातळीवरील कार्यकर्ता व स्वतः शेतकरी या तिघांवाचून कोणी करू शकणार नाही. येत्या खरिपाच्या आढावा सभेत किती कर्ज वाटले या प्रश्नापाठोपाठ त्यातून काय उभे राहिले हा प्रश्नही विचारला जावा. त्याचे उत्तर देण्याची तयारी आपण आजपासून करावी, अशी सर्व कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.